तिसऱ्या रांगेतली गुणगुण

कपाटातून मी पुस्तक ओढलं, आणि पलीकडून कुणीतरी तेच ओढलं.

फटीतून दोन करडे डोळे दिसले. "माफ करा, हे माझं आहे."

"न्यायावरचं पुस्तक, आणि 'माझं'?" मी म्हटलं. "सोडा मुकाट्यानं!"

तो हसला. पुस्तक मात्र सोडलं नाही.

१९५८चा नोव्हेंबर होता. मारबुर्गमधल्या कामगार संघाच्या जुन्या वाचनालयात मी प्रबंधासाठी जायचे. लोकशाही समाजवादाला न्यायाची ओढ लागली कुठून — इतिहासाच्या रेट्यातून, की माणसाच्या सदसद्विवेकातून? एवढाच माझा प्रश्न. हा करड्या डोळ्यांचा लोरेन्झ ब्रेमेन शहराहून त्यासाठीच आलेला. प्रश्न तोच, उत्तर उलटं.

शेवटी शेगडीजवळच्या टेबलावर आम्ही दोघं एकाच पुस्तकावर वाकलो. खिडकीच्या काचांना धुकं चिकटलं होतं.

"फळ पिकतं तसं आहे हे, व्हीबके," तो म्हणाला. "वेळ आली की न्याय आपोआप येतो."

"आपोआप फक्त सर्दी येते."

त्याची बाही माझ्या मनगटाला लागली. तीच ओळ मी पुन्हा वाचली... आणि पुन्हा.

"एक सांगू?" त्यानं आवाज उतरवला. "त्या तिसऱ्या रांगेत तुम्ही गुणगुणता ना... ते ऐकायलाच मी रोज येतो."

"मी?" माझा हात पानावर तसाच राहिला. "मी नाही. मला वाटायचं, राखणदार डिप्पेलबाई गुणगुणतात."

"त्या तर खाली असतात."

आणि तेवढ्यात ती आली — बारीक, नाकातली, थकलेली गुणगुण. आम्ही उठून गेलो. रांगेत कुणी नव्हतं. एक खुर्ची तेवढी मागे सरकवलेली. लोरेन्झनं बैठकीवर हात ठेवला आणि झटकन काढला.

"उबदार आहे..."

डिप्पेलबाई कोळशाची बादली घेऊन वर आल्या. आमचे चेहरे बघून म्हणाल्या, "मथिल्डे आली वाटतं. माझ्या आईची मैत्रीण. तेव्हा संघाच्या सभा इथंच भरायच्या, बायकांना मज्जाव, म्हणून या रांगेत लपून ऐकायची. भाषण करणाऱ्यावर जीव होता तिचा. लग्नाचं काढलं की तो म्हणायचा, 'होईल गं, वेळ आली की सगळं होईल.' मग तो हाम्बुर्गला गेला. ही वाट बघत बसली. मेली तीसुद्धा याच खुर्चीत." त्यांनी शेगडीत कोळसा सारला. "बसा तुम्ही. काही करत नाही ती."

त्या खाली गेल्या. लोरेन्झ बराच वेळ बोटं चोळत राहिला.

"उद्या मी व्हिएन्नाला जातोय. वर्षभरासाठी." माझ्याकडे न बघता तो पुढे म्हणाला, "भेट व्हायची असेल, तर होईलच... नाही का?"

गुणगुण थांबली.

माझ्या मानेवर गार श्वास लागला. पाठीशी कुणीतरी अगदी जवळ उभं होतं, माझं उत्तर ऐकायला. मी मागे वळले नाही.

"नाही होणार," मी म्हटलं. "आपोआप काही होत नाही, लोरेन्झ. मला तुम्ही आवडता. पुढच्या शुक्रवारी मी व्हिएन्नाच्या स्टेशनावर उतरते. न्यायला आलात तर ठीक, नाही तर पत्ता शोधत दारात येऊन उभी राहीन."

मग त्याचा थंडगार हात माझ्या हातात आला, घट्ट.

"वेडी आहेस तू," तो म्हणाला.

'तू' म्हणाला. पहिल्यांदाच.