कॉकवरचा हात

बसा, सांगते. पण मध्ये हसायचं नाही.

आमचं घर चढावर. नळाचं पाणी तिथवर पोचत नाही. पत्र्यांवर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळीतून पाइपात, पाइपातून ओट्याखालच्या टाकीत, आणि तेच वर्षभर प्यायचं. पाइपाला खाली एक कॉक आहे. प्रत्येक सरीचं पहिल्या दहा मिनिटांचं पाणी बाहेर सोडायचं, म्हणजे पत्र्यांवरची घाण निघून जाते. मग कॉक टाकीकडे फिरवायचा. हे काम सासऱ्यांचं. ते वारले आणि हे काम माझ्याकडे आलं.

त्या वर्षी टाकी काही भरेना. मी घड्याळ बघून कॉक फिरवायची, घरात कामाला लागायची, आणि सर ओसरल्यावर बघावं तर कॉक पुन्हा बाहेरच्या बाजूला. सगळं पाणी गटारात! नवरा म्हणाला, "तूच विसरतेस." मी विसरते? आमच्या लग्नात कोण कोण रुसलं होतं, तेसुद्धा मला पाठ आहे. पावसाळा सरत आला तेव्हा त्याने सांगूनच टाकलं, टाकी भरली नाही तर हे घर सोडायचं. आणि भाड्याची खोली बघायला निघून गेला. माझा जीव होता हो या घरावर. आधी पोटभर रडले, मग पदर खोचला.

भर दुपारी आभाळ काळं झालं. सर आली. दहा मिनिटांनी मी कॉक फिरवला आणि त्यावर मूठ आवळून तिथेच बसून राहिले. ओल्या भिंतीचा वास येत होता, पन्हळ घुमत होती. आणि माझ्या मुठीवर दुसरी मूठ बसली. गारढोण. दिसत काहीच नव्हतं. कॉक हळूहळू उलटा फिरायला लागला...

अंगावर सर्रकन काटा आला. पण माझा राग भीतीपेक्षा मोठा.

"मामंजी, दहा मिनिटं झाली!" मी ओरडले. "का छळताय सुनेला?"

हात हटेना. तेव्हा आठवलं, सासरे कधी घड्याळ बघत नसत. पाइपाखाली ओंजळ धरून उभे राहायचे. मीही धरली, ओठांना लावली आणि थुंकून टाकली. कडूजहर! उन्हाळ्यात नवऱ्याने हौसेने पत्र्यांना कुठलासा स्वस्तातला रंग फासला होता. तो सुटून पाण्यात उतरत होता, आणि हेच पाणी आम्ही वर्षभर पिणार होतो.

शिडी लावली, पावसातच वर चढले आणि काथ्याने पत्रे घासायला बसले. रंगाचे पापुद्रे वाहून जात होते, बोटं सोलवटली. दोन तासांनी खाली उतरले, पुन्हा ओंजळ धरली. तोंडाशी नेण्याआधीच ती रिकामी झाली. माझ्या कानाजवळ कुणीतरी घोट गिळला... आणि कॉक आपसूक टाकीकडे फिरला.

चार दिवस पाऊस लागून राहिला. टाकी काठोकाठ भरून वाहायला लागली तेव्हा मी अंगणात चक्क नाचले. नवऱ्याने पुन्हा खोलीचं नाव काढलं नाही. जिंकले होते मी!

त्याच आनंदात सासूबाईंना सगळं सांगितलं. "मामंजींनीच वाचवलं आपल्याला."

त्या भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"ह्यांनी?" त्या हळूच म्हणाल्या. "अगं, त्या कॉकला ह्यांनी जन्मात हात लावला नाही. घाबरायचे. नुसती ओंजळ पुढे करायचे... आणि कॉक आपसूक फिरेपर्यंत डोळे घट्ट मिटून ठेवायचे."