उजव्या पायाची चप्पल

शर्यतीच्या रेड्यांना माणसांची पारख नसते. समोर सरकारी पाहुणा उभा आहे की बांधावरचं बुजगावणं, त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच. म्हणून मादे सुवेका चांगला फोटो मिळावा म्हणून चिखलात चार पावलं पुढे सरकला आणि डोक्यावर पताका मिरवणारी ती जोडी सरळ त्याच्या अंगावर आली, तेव्हा रेडे काही थांबले नाहीत. मागून कुणीतरी त्याची कॉलर धरली आणि त्याला बांधावर ओढून काढलं.

ओढणारीचं नाव कोमांग रत्मिनी. याच वस्तीतली, वय पंचविसाच्या आतबाहेर, आणि मनगटात चांगलीच ताकद.

तो उठून बसला तेव्हा केसांपासून गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेला होता. कॅमेरा तेवढा उंच धरून वाचवला होता. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय मात्र उघडा.

"कॅमेरा छान सांभाळलात," रत्मिनी म्हणाली. "माणूस सांभाळायचं काम आमच्यावर टाकलंत."

"माझी चप्पल... आत राहिली."

"मग जा की. पुढची जोडी सुटायला अजून थोडा वेळ आहे."

त्याने शेताकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि एकदम हसला. चिखलाने माखलेल्या तोंडात ते पांढरेशुभ्र दात बघून रत्मिनीला आधी गंमत वाटली, मग काहीतरी वेगळंच वाटलं. तिने नजर वळवली खरी, पण जरा उशिराच.

तिने त्याला मेमेच्या, म्हणजे आईच्या खाणावळीत नेलं. हातपाय धुवायला पाणी दिलं, भात दिला, कोवळ्या नारळाच्या करवंटीची मसालेदार कोशिंबीर वाढली. त्याने दोनदा मागून घेतली आणि मेमेच्या मनात जागा केली.

"गियान्यार जिल्ह्याचे ना तुम्ही?" रत्मिनीने विचारलं. "बोलण्यावरून कळतंय. तुमच्याकडे म्हणे दगडालाही नाचता येतं."

"येतं तर. आणि आम्ही काशाची वाद्यं वाजवतो, तुमच्यासारखी बांबूची नाही. बांबू आमच्याकडे मांडवाला लागतो."

"अस्सं..." एवढंच म्हणून तिने त्याच्या भातावर चमचाभर जास्तीची मिरची घातली.

पाहुण्यांसाठी साऱ्या बेटाचं एक पुस्तक निघणार होतं. कुठल्या जिल्ह्यात काय पाहावं, तिथला इतिहास काय, सण कुठले, हे सगळं त्यात यायचं होतं आणि ते लिहायचं काम सुवेकाकडे होतं. बाकीचे जिल्हे लिहून झाले होते. क्लुंगकुंगच्या न्यायमंडपातली छतावरची चित्रं, करंगासेमचे पाण्यातले महाल, बुलेलेंगची जुनी ताडपत्रं, सगळं यथासांग मांडलं होतं. राहिला होता फक्त हा पश्चिमेचा जेंब्राना.

"गियान्यारला किती पानं?" तिने विचारलं.

"बावीस."

"आणि आम्हाला?"

तो भाताशी खेळत राहिला. "जागा जरा... अर्धं पान."

मेमे हातातली पळी तशीच धरून त्याच्याकडे बघायला लागली. रत्मिनी मात्र हसली. तिला सवयच होती. जावाहून बोटीने उतरणारी माणसं जेंब्रानात पाय ठेवतात ती देनपासारची बस पकडायला, खिडकीशी बसून झोपतात आणि जिल्हा संपल्यावर जागी होतात.

"अर्ध्या पानात काय लिहिणार? 'इथे चप्पल जपावी'?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चप्पल शोधायला परत आला. पायात बाजारातून घेतलेली नवी कोरी जोडी होती.

"नवी घेतलीत की," रत्मिनी म्हणाली.

"घेतली. पण जुनीची सर नाही हिला."

मग काय, दोघं पोटऱ्या बुडेपर्यंत चिखलात उतरली. ती सांगायची, "इथे बघा," की तो तिथे हात घालायचा. मग म्हणायची, "नाही, त्या कोपऱ्यात असेल," की तो त्या कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही. भुरभुर पाऊस आला तर एकाच केळीच्या पानाखाली उभं राहायचं, आणि पान लहान म्हणून जवळ. बोलणं सगळं कामाचं असायचं. इथलं जुनं राज्य कधीचं, पलीकडच्या मुसलमान वस्तीतली खांबांवरची घरं कुणी बांधली, कड्यावरच्या देवळात ऋषींचे केस कसे आले... तो वहीत लिहायचा. ओल्या बोटांनी शाई फिसकटायची आणि मग त्याला सगळं पुन्हा विचारावं लागायचं. रत्मिनीही न कंटाळता सगळं पुन्हा सांगायची.

आठवड्याने त्या शेतात भाताची रोपं लागली.

"संपलं," बांधावर उभा राहून तो म्हणाला. आवाज असा, जणू घरचं माणूस गेलं. "आता शोधायचं म्हणजे भात उपटावा लागेल."

"उद्या सभामंडपात या," रत्मिनी म्हणाली. "तुमच्या मांडवाच्या बांबूला आम्ही काय करतो ते ऐका."

मंडपात बायकांचा जेगोग मांडला होता. जेगोग म्हणजे बांबूच्या नळ्यांच्या चौदा वाद्यांचा ताफा. त्यातलं सगळ्यात मोठं वाद्य, त्यालाही जेगोगच म्हणतात, पुरुषभर उंचीच्या लाकडी चौकटीवर टांगतात. त्याच्या नळ्या मांडीएवढ्या जाड, आणि वाजवणारा चक्क वर चढून बसतो. बायकांच्या ताफ्यात तिथे मेमे बसायची, रबरी हातोडा घेऊन. समोरच्या लहान वाद्यावर म्होरकी रत्मिनी. वर्षापूर्वी तिने वस्तीच्या सभेकडून हा जुना, माळ्यावर पडलेला संच मागून घेतला होता. कुणी मासे सुकवणारी, कुणी शाळेत शिकवणारी, अशा वीसजणी तिने गोळा केल्या होत्या. पुरुष म्हणाले होते, चार दिवसांची हौस आहे.

"आडवे व्हा," तिने सुवेकाला सांगितलं. "मोठ्याच्या खाली."

तो चौकटीखाली उताणा पडला. मेमेने हातोडा उचलला.

पहिल्या ठोक्याला त्याचे डोळे मोठे झाले, तिसऱ्याला मिटले. वाजवून झालं तरी तो उठेना.

"काय झालं?" रत्मिनीने वाकून विचारलं.

"आवाज कानाने नाही ऐकू आला," तो हळूच म्हणाला. छातीवर हात ठेवला. "इथे... आतून कुणीतरी दार वाजवत होतं."

रत्मिनीने हात दिला आणि त्याला चौकटीखालून बाहेर ओढलं.

घोळ झाला तो पुढे. सुवेकाने भोळेपणाने सभेत विचारलं, "पुस्तकात एकाच ताफ्याचं नाव मावेल. कुणाचं घालू?"

पुरुषांच्या ताफ्याचे म्होरके नेंगाह केरेप, म्हणजे रत्मिनीचे बापा. त्यांच्या मोठ्या जेगोगवर गेली तीस वर्षं तेच बसत होते. "त्यात विचारायचं काय?" ते म्हणाले. "आणि शंकाच असेल तर सामना होऊ दे."

सामन्याची रीत ठरलेली. दोन ताफे समोरासमोर बसतात आणि एकाच वेळी आपापली चाल वाजवतात. समोरच्या गडगडाटात ज्याचा ठेका सुटला, तो हरला.

"आणि बायका हरल्या," बापा म्हणाले, "तर संच परत माळ्यावर. पाहुण्यांच्या स्वागताला नाच करा, फुलं वाहा. वीस कुटुंबांत संध्याकाळचा भात उशिरा होतोय ते पुरे झालं."

वर्षभर एकेकीची मनधरणी करून बांधलेला ताफा एका संध्याकाळी मोडणार होता. तरी ती म्हणाली, "कबूल."

"निकाल कोण देणार? बाहेरचा माणूस लागतो."

सगळ्यांनी सुवेकाकडे पाहिलं. बापांनी नाक मुरडलं. "हा बाहेरचा? हा तर रोज आमच्याच बांधावर. चप्पल हरवली म्हणे. कुठल्याही म्हाताऱ्याला कळतं काय हरवलंय ते."

मंडप हसला. रत्मिनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सुवेका मात्र उठून उभा राहिला. त्याचेही कान लाल होते, पण आवाज स्थिर होता.

"बरोबर आहे तुमचं. म्हणून मी बायकांच्या बाजूला बसणारच नाही. बापा, मी तुमच्या जेगोगखाली झोपतो. तिथे तुमच्याशिवाय काही ऐकूच येणार नाही. तिथेही मला बायका ऐकू आल्या, तर त्या जिंकल्या म्हणायच्या."

बापांना हे फार आवडलं. रत्मिनी मात्र मंडपाबाहेर त्याच्यावर बरसली. "कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? तिथे मेघ गडगडला तरी ऐकू यायचा नाही."

"मेघाचं माहीत नाही," तो म्हणाला. "तुम्ही याल."

"इतकी खात्री?"

"तुम्ही मला एका हाताने चिखलातून काढलंय."

सामन्याच्या दिवशी ऊन कलताच सारी वस्ती जमली. घराघरांत फूट पडली होती. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या. एका चौकटीवर बापा, समोरच्या चौकटीवर मेमे. सुवेका नव्या चपला काढून बापांच्या वाद्याखाली शिरला आणि त्याची दोन पावलं तेवढी बाहेर राहिली, तळवे लोकांकडे करून.

दोन्ही ताफे एकदम सुटले. जमीन हलली. पुरुषांनी सुरुवातीलाच असा जोर लावला, की मासे सुकवणाऱ्या दोघींचे हात डळमळले. रत्मिनीने मान हलवून त्यांना सावरलं. मग कुणीतरी बोट दाखवलं, आणि सगळी वस्ती त्या पावलांकडे बघायला लागली. सुवेकाच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता, आणि तो बापांच्या ठोक्यावर हलत होता.

पुरुषांकडची पोरं खिदळली. रत्मिनीला रडू येईलसं झालं. रागही आला. एवढं छातीवर हात ठेवून बोलला होता आणि आता...

पण तिने अंगठ्याकडे बघणं सोडलं आणि बापांकडे पाहिलं. याच ठोक्यांवर ती पाळण्यात झोपली होती. बापा रंगात आले की धावतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आठ ठोके धावतात, मग श्वास घेतात, आणि तेवढ्यापुरता हातोडा हवेत रेंगाळतो. तिने आपल्या बायकांचा जोर उतरवला. अगदी हलकं केलं. लोकांना वाटलं, दमल्या. बापांना हुरूप आला, ते आणखी धावले. सहा, सात, आठ. रत्मिनीने आपला हातोडा उंच उचलला आणि मेमेने, बापांच्या त्या एका श्वासात, आपला ठोका घातला.

तो एकच ठोका मंडपभर घुमला. पुन्हा आठ, पुन्हा श्वास, पुन्हा मेमे. आणि चौथ्या खेपेला सुवेकाचा अंगठा थबकला. जरा चाचरला. मग सावकाश, अगदी ठामपणे, बायकांच्या ठेक्यावर हलायला लागला. बघता बघता दुसरा पायही त्याला येऊन मिळाला.

"खोटं करतोय," कुणीतरी ओरडलं. पण ओरडणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बापांचा हातोडा हवेतच थांबला. मेमेचा ठोका पडायची वाट बघत थांबला, तो पडल्यावर मगच खाली आला. आपण काय केलं हे बापांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. मागचे सगळे पुरुष त्यांच्यामागोमाग बायकांच्या चालीत येऊन पडले होते. रत्मिनीने आता हात मोकळा सोडला. वीसजणींनी असा गजर केला, की मंडपाच्या कौलांवरची पाखरं उडाली आणि बघणाऱ्या बायका उभ्या राहून टाळ्या पिटायला लागल्या.

शेवटी बापांनी हातोडा मांडीवर ठेवला आणि घाम पुसला.

"तीस वर्षं घरात हिचंच ऐकतोय," ते म्हणाले. "हाताला सवयच ती." वस्ती पोट धरून हसली. मेमे वरून शांतपणे म्हणाली, "मग आजचा भात तुम्ही टाका." बापा खाली उतरले, वाकले आणि चौकटीखाली बघून म्हणाले, "निघा बाहेर. बायकांचं नाव लिहा. संच त्यांचाच. आणि पाय आवरा आता, सगळ्या गावाने बघितलेत."

सकाळी हमरस्त्यावर सुवेका बसची वाट बघत उभा होता. पुस्तक त्या दिवशी पोचवायचंच होतं. रत्मिनी स्कूटरवरून आली आणि केळीच्या पानातली पुडी तिने त्याच्या हातात ठेवली.

"खरं सांगा," ती म्हणाली. "अंगठा खरंच ऐकत होता?"

"अंगठ्याला चौथ्या खेपेला ऐकू आलं. मला पहिल्या दिवसापासून येतंय... रेड्यांच्या घुंगरांतसुद्धा."

त्याने पुडी उघडली. त्याला वाटलं भात असेल. आत वाळल्या चिखलाने कडक झालेली एक चप्पल होती, उजव्या पायाची.

"पहिल्याच संध्याकाळी सापडली होती मला," रत्मिनी रस्त्याकडे बघत म्हणाली. "तुमची पाठ वळल्यावर लगेच."

"मग दिली का नाहीत?"

"दोन्ही पायांत चप्पल आली असती, तर..." ती थांबली. मग सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "तर तू गेला असतास."

सुवेकाने पिशवी उघडली. वह्यांच्या खालून डाव्या पायाची चप्पल काढली. तीन आठवडे सोबत वागवलेली, तीही तितकीच मळकी.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी बघितली. तुमच्या ओसरीवर, बापांच्या कोंबड्याच्या टोपलीखाली."

"आणि तरी चार-चार दिवस चिखल उपसलास?"

"तू होतीस ना चिखलात."

रत्मिनीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही तिने येऊ दिलं. बस येऊन उभी राहिली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

"पुढच्या बसने जातो," सुवेका तिला म्हणाला. "आणि येताना आई-वडिलांना घेऊन येतो. बापांकडे रीतसर मागणी घालायला."

"आणि अर्धं पान?"

"अकरा झालीत. अजून संपलं नाही."

बस धुरळा उडवत देनपासारकडे निघून गेली, तेव्हा तो रस्त्याच्या कडेला एका पायावर उभा राहून उजवी चप्पल घालत होता, आणि तोल जाऊ नये म्हणून रत्मिनीने त्याला आपला खांदा दिला होता.