चार नंबरचं उत्तर

"अहो, तुमच्या पत्रकांचा पार लगदा झालाय," मागून कोणीतरी म्हणालं.

नेल ओल्डरॉइडने मान वळवली. विनीबाईंच्या केकच्या ठेल्यापाशी, ताडपत्रीखाली, एक उंच तरुण उभा होता. एका हातात आल्याचा केक, दुसऱ्या हातात मासेवाल्याकडून मागून आणलेला प्लास्टिकचा कागद, आणि थंडीने लालबुंद झालेले कान. आस्कडेलच्या गुरुवारच्या बाजारात सकाळपासून तिरपा पाऊस चालला होता.

"लगदा झाला तरी खरं ते खरंच राहतं," नेल फणकारली.

"हो, पण वाचता तर यायला हवं ना?" त्याने कागद गठ्ठ्यावर पसरला आणि कोपरे नीट दुमडले. बोटांना शाई लागलेली होती. "जरासा मासळीचा वास येईल."

"येऊ दे. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना शोभून दिसेल!"

तो मोठ्याने हसला... आणि मग एकदम गप्प झाला. नेलला ते जरा विचित्र वाटलं, पण तिचं लक्ष त्याच्या कानांकडे होतं. इतके लाल कान तिने फक्त नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे पाहिले होते.

पत्रक होतं खासदार गाय मॉर्टिमर यांच्याबद्दल. आस्कडेलचं प्रसूतिगृह दोन वर्षांपूर्वी बंद पडलं, आणि तेव्हापासून कळा सुरू झालेल्या बायकांना घाट ओलांडून पाऊण तास गाडीने न्यावं लागत होतं. नेल सुईण होती. जानेवारीत गावातल्या जोसीचं बाळंतपण तिने घाटातल्या वळणावर, गाडीच्या मागच्या सीटवर केलं. बाहेर गारा पडत होत्या आणि बाळ निळं पडलं होतं. ते रडेपर्यंतची दोन मिनिटं नेल अजून विसरलेली नव्हती. तिने आणि खोऱ्यातल्या बायकांनी मिळून खासदारांना दोनशे चौदा पत्रं लिहिली. आणि या गृहस्थाने संसदेत उभं राहून छातीठोकपणे सांगितलं, की माझ्या मतदारसंघातून याबाबत एकही तक्रार आलेली नाही!

एकही नाही म्हणे. मग दोनशे चौदा पत्रं काय वाऱ्याने उडवून नेली? बरं, प्रत्येक पत्राला छापील उत्तर आलेलं. बायकांनी कपाटं उपसून ती उत्तरं शोधली, संसदेच्या समितीपुढे ठेवली, आणि साहेबांचं खोटं उघडं पडलं.

"मग शिक्षा झाली ना त्यांना?" त्या तरुणाने विचारलं. नाव त्याने रोरी सांगितलं होतं. आडनाव नाही, काम नाही.

"झाली की! दहा दिवसांचं निलंबन." नेलच्या नाकपुड्या फुलल्या. "मी एका बाळंतिणीच्या कागदावर एक ओळ खोटी लिहिली, तर जन्मात पुन्हा कोणाचं बाळंतपण करू शकणार नाही. आणि यांना दहा दिवस घरी बसायची मुभा! तीही कोणी दिली? त्यांच्याच शेजारी बसणाऱ्यांनी!"

"पण त्यामुळेच हा सह्यांचा अर्ज निघाला ना..."

"हो, एवढीच काय ती दया."

खासदार दहा दिवस निलंबित झाला, की मतदारांना त्याला परत बोलावण्यासाठी सहा आठवडे मिळतात. दहापैकी एका मतदाराने सही केली तर खासदारकी जाते आणि नव्याने निवडणूक लागते. आस्कडेलला सात हजार सह्या हव्या होत्या. किती झाल्या हे शेवटपर्यंत कोणाला कळत नाही. पण खरी गोम वेगळीच होती. त्या अर्जावर फक्त 'जावा' म्हणता येतं, 'राहू द्या' म्हणायला जागाच नसते. मतदानाला माणूस आत गेला तर कोणाला मत दिलं ते देवालाच ठाऊक. इथे मात्र सही करायला चौकातल्या वाचनालयाच्या दारातून आत शिरलात, की अख्ख्या गावाला कळलं तुम्ही कोणत्या बाजूचे. आणि चौकात साहेबांची माणसं खुर्च्या टाकून बसलेली असायची, हसून हात हलवत. मग लोक दारापर्यंत यायचे, बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचे आणि निघून जायचे.

"घाबरट मेले," नेल म्हणायची.

"घाबरट नाहीत. एकटे आहेत," रोरी म्हणायचा.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. कागदी पेल्यातून चहा आणायचा, दोन चमचे साखर घालून. तिने कधी सांगितलं नव्हतं, त्याने पाहून ठेवलं होतं. तिने पत्रक पुढे केलं की मात्र हात मागे घ्यायचा.

"दिवसभर कागदच वाचतो हो मी. तुम्ही तोंडाने सांगा, ऐकायला बरं वाटतं."

"मी सांगत नाही, भांडते."

"तेच म्हणतोय."

त्या दिवशी केसांतलं पाणी झटकताना तिचा हात त्याच्या बाहीला लागला आणि दोघांपैकी कोणीच मागे सरलं नाही. विनीबाईंनी केक कापता कापता खाकरून घेतलं. "पोरी, सह्या गोळा करतेस की नवरा?" नेलने चहाचा एवढा मोठा घोट घेतला की जीभ भाजली.

आणि चौथ्या गुरुवारी खासदारसाहेब स्वतः अवतरले.

चकचकीत बूट, लोकरीचा कोट, आणि चेहऱ्यावर ते ठेवणीतलं हसू. ते थेट नेलपाशी आले आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमची काळजी मला मनापासून समजते."

नेलच्या अंगावर काटा आला. हे वाक्य तिला पाठ होतं. तिच्या अकरा पत्रांच्या अकरा उत्तरांत तेच होतं. अकराव्या उत्तराची सुरुवात तर 'प्रिय श्रीमती, येथे नाव घालावे' अशी होती. तिने हात सोडवून घेतला आणि नजर वळवली. साहेबांच्या मागे, त्यांची बॅग धरून, छातीवर कार्यालयाचा बिल्ला लावून रोरी उभा होता. आज त्याचे कान पांढरे पडले होते.

साहेब पुढे सरकले. रोरी बॅग खाली ठेवून थांबला.

"नेल... मी सांगणारच होतो."

"कधी? माझी जीभ भाजायच्या आधी की नंतर?" तिचा आवाज चढला तसा विनीबाईंनी सुरी खाली ठेवली. "ती उत्तरं तू लिहायचास?"

"मी पाठवायचो. सगळी पत्रं मीच वाचली, नेल. एक ना एक. जोसीचंसुद्धा. दर शुक्रवारी त्यांच्या टेबलावर ठेवायचो. ते वर न बघता म्हणायचे, चार नंबर पाठव."

"चार नंबर?"

"ठरलेलं चार नंबरचं उत्तर. तुमची काळजी मला मनापासून..."

"पुरे!" नेलचे डोळे जळत होते. "एका बाईने आपलं निळं पडलेलं लेकरू कागदावर मांडलं, आणि तुम्ही तिला नंबर लावलात? आणि ते संसदेत खोटं बोलले तेव्हा तू कुठे होतास?"

"वरच्या सज्ज्यात. ऐकत होतो." त्याने मान खाली घातली. "मी गप्प बसलो. आई माझ्यावर अवलंबून आहे, नोकरी जाईल, असलं काय काय स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे घाबरलो."

खोटं बोलणाऱ्यांचा नेलला राग होताच. पण त्यांच्या मागे बॅग धरून उभं राहणाऱ्यांचा त्याहून जास्त आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. साहेब एकटे थोडेच खोटं बोलतात? त्यांच्या खोट्याला पाकीट लागतं, तिकीट लागतं, आणि ते पेटीत टाकणारा एक चांगला मुलगा लागतो.

"मी आत्ता जातो," रोरी एकदम म्हणाला आणि वाचनालयाच्या दाराकडे वळला. "सगळ्यांदेखत सही करतो. तुझ्यासाठी."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता, आणि नेमकं या वाक्यात.

"माझ्यासाठी?" नेल त्याच्या वाटेत उभी राहिली. "मग मुळीच जाऊ नकोस! माझ्यासाठी पाय पुढे टाकलास, तर उद्या आणखी कोणासाठी मागे घेशील. मला तुझी सही नकोय, रोरी. तोंडसुद्धा दाखवू नकोस."

साहेबांनी लांबून हाक मारली. रोरीने बॅग उचलली आणि गेला.

पुढचे दोन आठवडे नेल वाऱ्यापावसात उभी राहिली. चहा स्वतःच आणायची, साखर विसरायची. चौकातल्या खुर्च्यांवरची माणसं तशीच हसत होती. लोक तसेच दारापर्यंत येऊन परत जात होते. सात हजार होणार नाहीत, असं आता तिलाही वाटायला लागलं होतं. आणि नाही झाले तर साहेब म्हणणार, बघा, जनता माझ्याच पाठीशी आहे. पुढचं बाळ घाटात गेलं तरी चार नंबरच येणार, या विचाराने तिला रडू यायचं. आणि रडताना त्याचे कान आठवायचे, म्हणून स्वतःचाही राग यायचा.

शेवटच्या आठवड्यात मंगळवारी ती चौकातल्या विनीबाईंच्या रोजच्या ठेल्यावर केक घ्यायला गेली, तर त्यांना बोलू की नको असं झालेलं.

"काल कुठे होतीस गं तू?"

"सोमवारी माझी ड्यूटी असते. पलीकडच्या गावात बाळंतपण होतं."

"त्याला ठाऊक होतं ते?"

"कोणाला?... हो. सांगितलं होतं एकदा."

"अस्सं!" विनीबाईंनी हात पुसले. "काल दहा वाजता आला तुझा तो लाल कानाचा. छातीवरचा बिल्ला काढला आणि त्या खुर्चीवाल्यांपैकी एकाच्या मांडीवर ठेवला. चौकाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, तुमच्या बायकांची पत्रं आली होती, मी वाचली होती, उत्तरं मी पाठवली होती, आणि खोटं सांगितलं गेलं तेव्हा मी गप्प होतो. मग गेला सरळ वाचनालयात."

"आणि?"

"आणि काय! आधी खाटिक गेला त्याच्यामागे. मग शाळेच्या दोन बाई. मग मी. अगं, ठेला उघडा टाकून गेले! बाहेर आले तर रांग पार पुलापर्यंत."

नेलने केक तिथेच ठेवला आणि ठेल्याच्या मागे जाऊन मनसोक्त रडली. तिने पाहावं म्हणून त्याने केलं नव्हतं. ती नसेल असा दिवस शोधून केलं होतं.

म्हणून ती लगेच धावत गेली का? छे! ओल्डरॉइड घराण्याचा ताठा. शुक्रवारी निकाल आला. नऊ हजार एकशे सहा सह्या, मॉर्टिमरसाहेबांची खासदारकी गेली, चौकात लोक नाचले. तरी नेल बाईसाहेब नाक वर करूनच होत्या. शनिवारी जोसीच्या बाळाचं वजन करायला निघाल्या, आणि फाटकातच थबकल्या.

जोसीच्या दारात रोरी उभा होता. जोसी त्याला झडझडून बोलत होती, आणि बोलता बोलता बाळ त्याच्याच हातात देऊन दोन्ही हातांनी बोलत होती. तो मान खाली घालून ऐकत होता. बाळ त्याची कॉलर चावत होतं. जोसी दमली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. माझं चुकलं." मग त्याने बाळ परत दिलं, वळला, आणि समोर नेल.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"पत्रं लिहिणाऱ्यांच्या घरी जातोय. पायी. चार नंबर नाही, तोंडाने उत्तर द्यायला." त्याने खिशातली यादी दाखवली. "एकसष्ट घरं झाली. सात ठिकाणी चहा मिळाला, बाकी शिव्या. एकीने कुत्रा सोडला."

नेलला हसू आवरेना, पण तिने ओठ घट्ट मिटले. यादीवरून बोट फिरवत ती शेवटच्या ओळीवर आली. "माझं नाव तळाला का? माझ्या शिव्या सगळ्यात जड म्हणून?"

"नाही." त्याचे कान हळूहळू लाल व्हायला लागले. "बाकी प्रत्येक दारातून मला पुढच्या दाराकडे जायचंय. तुझ्या दारातून... पुढे कुठे जायचंच नाहीये."

रस्त्यावर कोणी नव्हतं. जोसी मात्र दार पुरतं न लावता आतून ऐकत होती.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," नेल रागारागानेच म्हणाली. "आणि तुला अजून माफ केलेलं नाही. दोन्ही खरं आहे."

"दोन्ही चालेल," रोरी म्हणाला.

"आणि नवा खासदार आला, की त्याच्या दारातही असंच जायचं. पहिल्याच दिवशी. तो आपला आवडता असला तरी!"

"जाऊ."

तिने त्याच्या हातातून यादी घेतली, बासष्टाव्या नावावर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने त्याचा हात धरला. "मिसेस थ्वेट. हिची लेक वाटेतच गेली असती. ही बाई मारेल तुला, आणि मी मध्ये पडणार नाही."

"नकोच पडूस," तो म्हणाला, आणि दोघं टेकडी चढायला लागली.