एकोणसत्तर फोटो

“ओ म्याडम, झाडाला फास लावताय व्हय?”

रेश्मा दचकली. ऐनाच्या बुंध्याभोवती कॅमेऱ्याचा पट्टा आवळता आवळता बकल तिच्या हातातून निसटलं. मागे डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात विळा घेतलेला एक उंच माणूस हसू दाबत उभा होता.

“कॅमेरा आहे,” ती म्हणाली. “समोरून कुणी गेलं की आपोआप तीन फोटो काढतो. रानगव्यांच्या माद्या आणि वासरं मोजायचीत.”

“आन् गवं उभं ऱ्हात्याल व्हय फोटूला?”

“तुमच्यापेक्षा शहाणे असतील तर राहतील.”

तो मोकळं हसला, पुढे आला आणि एका हिसक्यात पट्टा आवळून दिला. कैलास त्याचं नाव. खाली कोळवणात त्यांची भातखाचरं होती. कापणी नुकतीच उरकली होती.

रेश्मा मूळची हिंगोलीची. एका संस्थेच्या नोकरीपायी सात वर्षांत पाच गावं झाली होती. दरवेळी तीच बादली, तीच शेगडी आणि नवी खोली. सध्या नांद्याला. दर पंधरा दिवसांनी स्कूटीवरून पौड, कोळवण, मग तासभराचा चढ... कार्ड काढायचं, नवं घालायचं आणि खोलीवर येऊन फोटो निवडत बसायचं.

पहिल्या कार्डात सत्तावीसशे फोटो निघाले. त्यातले गव्यांचे अकरा. बाकी सगळं गवत! वाऱ्याने डोललं की कॅमेऱ्याला वाटायचं, कुणी आलं.

“डोळे दुखतात हो,” पुढच्या खेपेला ती कैलासला म्हणाली. “मिटले तरी आत गवतच हलतं.”

“हां,” तो म्हणाला. बस, एवढंच.

त्यानंतरच्या कार्डात जेमतेम अडीचशे फोटो होते. गवत नाहीच! एक फाटक्या कानाची गवी, चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, आणि तिच्या पोटाआडून डोकावणारं वासरू – मातकट पिवळं, पायांत अजून पांढरे मोजे न चढलेलं. रेश्मा एकटीच हसली. मग एका फोटोच्या कडेला तिला एक हात दिसला. हातात विळा.

“गवत तुम्ही कापलंत?”

“बैलास्नी वैरन नको व्हय?”

“कापलेलं सगळं तिथंच पडलंय.”

“...इसरलो न्यायला.”

माणसांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचे आणि महिनाअखेर पुसायचे, असा संस्थेचा नियम. रेश्माने फोल्डर केला, नाव दिलं ‘माणूस’, आणि पुसायचं मात्र राहून गेलं. एकदा नाही, चारदा. माणूस एकच होता म्हणा! जानेवारीत तो बनियनवर होता, फेब्रुवारीत शर्टावर, मार्चमध्ये केसांना तेल लावून भांग पाडलेला.

“गवत कापायला इस्त्रीचा शर्ट?” तिने विचारलं.

“तुमी बगनार म्हनून...” तो कानापर्यंत लाल झाला. “मंजी, फोटू निघतोय ना.”

मार्च सरता सरता ऑफिसचा निरोप आला. नागपूरला टेबलावरचं काम आहे, नाहीतर इथेच आणखी एक वर्ष. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं. तिने ते कैलासला सांगितलं आणि उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसली.

“बरं हाय की,” तो म्हणाला. “पाय तरी दुखनार न्हाईत तुमचं.”

तिने नाडीची गाठ करकचून ओढली. आजवर इतकी गावं सोडली, पण एकाही गावात कुणी थांब म्हटलं नव्हतं. इथे म्हणेल, असं तिला वाटलं होतं. वेडीच!

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी ती हंगाम संपला म्हणून कॅमेरा उतरवायला गेली. कैलास नव्हता. “पौडला गेलाय सकाळधरनं,” त्याची आई तुळजाबाई म्हणाली. “काय काम निघालं, देव जाने.” रेश्मा पट्टा सोडवून एकटीच उतरली. नांद्याला पायऱ्या चढताना खोली कधी नव्हे ती उंचावर वाटली.

रविवारी दुपारी तिने नागपूरला येते असं लिहून ठेवलं. पाठवण्याआधी शेवटचं कार्ड उघडलं, उरलेलं काम संपवावं म्हणून. वासराने भिंगाला नाक लावलं होतं, ओलं, भलंमोठं. त्याच्या पुढच्या फोटोत कैलास आला.

तो कॅमेऱ्यासमोर उकिडवा बसला. टॉवेल काढून मांडीवर ठेवला. आणि बोलू लागला! फोटोमागून फोटो... कधी हात हलवत, कधी मान खाली घालून, एकदा ओशाळून हसत. एकोणसत्तर फोटो. शेवटच्यात त्याने उभं राहून कॅमेऱ्याला चक्क नमस्कार केला होता.

रेश्मा त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. काही कळेना. त्या कॅमेऱ्यात आवाज येतच नाही.

सोमवारी ऑफिसला परत द्यायचा कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत, आणि स्कूटी मात्र कोळवणच्या रस्त्याला. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर कैलास जमीन भाजायला पाला पसरत होता. तिला पाहून त्याने पाटी खाली टाकली.

“काय बोललात तुम्ही?”

“आयकलं न्हाई?”

“फोटोच निघतात त्यात. आवाज नाही.”

“मोबाइलात तर येतो की!” तो मटकन बांधावर बसला. “आन् मी त्वांड लपवून पौडात फिरत बसलो.”

“परत सांगा.”

“न्हाई जमायचं. तुमच्याकडं बगून तर न्हाईच.”

“मग झाडाकडे बघून सांगा.”

दोघं तासभर चढले. ऐनाच्या सालीवर पट्ट्याचा वळ होता. रेश्मा झाडामागे जाऊन उभी राहिली. तो समोर उकिडवा बसला, टॉवेल मांडीवर.

“जाऊ नका म्हनायचं व्हतं,” तो झाडाला म्हणाला. “पन तुमी लई दमलाय. बगतोय मी, उतरताना गुडघं धरता. बसून करायचं काम मिळतंय, तर मी कशाला आडवा येऊ? म्हनून त्वांडावर न्हाई बोललो. पन... पंधरा दिसांनी येता, त्ये पुरत न्हाई मला. गवत काय, दोन दिसांत कापून व्हतंय. बाकीचं दिस नुसताच येऊन बसतोय हितं.” त्याने मांडीवरचा टॉवेल उचलला. “झालं. एवढंच.”

“एवढ्याला एकोणसत्तर फोटो?”

“मधी मधी दम लागत व्हता.”

तिने सालीवर कपाळ टेकलं. सात वर्षांचा शीण गुडघ्यांत होता तो होताच. पण जायचं मात्र कुठेच नव्हतं. हे तिला इतकं स्वच्छ कळलं, की रडूच आलं. डोळे पुसून तिने पिशवीतून कॅमेरा काढला आणि पट्टा झाडाआडून पुढे केला.

“आवळ जरा. माझ्याने घट्ट बसत नाही.”

“मंजी... ऱ्हाताय?”

“आवळ म्हटलं ना!”

त्याने आवळला. अगदी घट्ट. तिने कॅमेरा चालू केला आणि पुढे येऊन त्याच्या शेजारी गवतात बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. खटकन तीन फोटो निघाले.

“आता बोल काय बोलायचं ते,” ती म्हणाली. “यात आवाज येत नाही.”