काचेपलीकडची वही

"माझ्या मामानं माझ्या आईवर चोरीचा आळ घेतलाय. सख्ख्या भावानं!"

दारातून आत येता येताच ती बाई बोलली आणि खुर्चीत कोसळली. मास्तरांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. शाळा सोडून खासगी तपासाचा धंदा सुरू केल्यापासून त्यांनी बरंच पाहिलं होतं, पण सत्तरीच्या बहिणीविरुद्ध पोलिसांत जाणारा भाऊ त्यांनाही नवा होता.

मामाही साधासुधा नव्हता. गुरांचा काळ ठरलेल्या बुळकांडीवर लस काढणारे थोरले डॉक्टर! रोगाचा विषाणू एका अंड्यातून दुसऱ्या अंड्यात टोचत अकरा वर्षांत दुबळा केला, म्हणून त्यांचं नाव. त्या प्रयोगांची वही पशुरोग संस्थेच्या दालनात काचेच्या पेटीत असे. आज दुपारी नव्या इमारतीला डॉक्टरांचं नाव द्यायचं होतं आणि सकाळी पेटी रिकामी निघाली.

"काल आई वहीसमोर अर्धा तास उभी होती, एवढाच तिचा गुन्हा. वही सापडली नाही तर तिला चौकीत नेतील हो!"

मास्तर तिच्याबरोबर निघाले. सोबत त्यांचे मित्र कंपाउंडर होतेच. मन मोठं, डोकं जरा सावकाश.

दालनाच्या व्यवस्थापकबाई रडकुंडीला आल्या होत्या. "किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक डॉक्टरसरांकडे. कुलूप शाबूत आहे."

"काल वेगळं काही घडलं?"

"एका पाहुण्या संशोधक मुलीनं सरांना विचारलं, विषाणूच्या खोलीतून कागद बाहेर कसे आणायचात? सर म्हणाले, कपटाही बाहेर येत नसे, कपडेसुद्धा आतच जाळायचो. मग एकदम गप्प झाले. पाणी मागितलं. आज मीच तिला सगळ्या पानांचे फोटो काढायला बोलावलं होतं."

"दमले असतील. वय झालं," कंपाउंडर म्हणाले.

मागच्या आवारात मेलेली जनावरं जाळायची भट्टी होती. मास्तरांनी तिच्या दाराला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"आज कुठलं जनावर मेलं?"

"पंधरा दिवसांत एकही नाही," राखणदार म्हणाला. "मी आठला आलो तेव्हाच गरम होती. मलाही नवल वाटलं."

डॉक्टरांची बहीण, ताई, कार्यालयात ताठ बसल्या होत्या. शेजारी फौजदार. "मी कशाला चोरू? ती कुणीतरी नीट वाचावी असंच मला वाटत होतं. तिसऱ्या पानावर दोन वासरांचे ताप अदलाबदल झालेत. तेव्हाच सांगितलं होतं त्याला, पण दुरुस्त केलं नाही त्यानं."

"तुम्ही इथे काय करायचात?"

"सगळे म्हणतात, मदतनीस."

तेवढ्यात डॉक्टर आत आले. नवा कोट, हातात भाषणाचा कागद. "हिचा पोटशूळ जुना आहे, मास्तर. विषाणूच्या खोलीत अकरा वर्षं मी होतो. ती वही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझ्या अक्षरात आहे!"

"बाहेर कोण असायचं?"

"बाहेर? ही."

"म्हणजे पुरावा पक्का," कंपाउंडर म्हणाले.

"पक्काच. पण कशाचा?" मास्तरांनी दार लावून घेतलं. "कपटाही बाहेर येत नसे ना? मग आतल्या माणसानं टिपण खिडकीच्या काचेला लावून धरायचं, बाहेरच्यानं ते उतरवून घ्यायचं आणि आतला कागद आतच जाळायचा. उरते ती बाहेरच्याची वही. म्हणजे ज्याचं अक्षर, तो बाहेर होता!"

व्यवस्थापकबाईंनी तोंडावर हात ठेवला. कंपाउंडर तर आ वासून बघतच राहिले.

"वासरांचे ताप चुकले हे ताईंना ठाऊक, कारण थर्मामीटर त्यांच्याच हातात होता. इतकी वर्षं डॉक्टर स्वतःविरुद्धचा पुरावा अभिमानानं दाखवत होते. काल त्या मुलीच्या प्रश्नानं डोळे उघडले, तरी आज जुनी फुशारकी सवयीनं तोंडातून निघालीच. आज फोटो निघाले असते, तर अक्षर बघून त्या मुलीनं हेच ताडलं असतं. कुलूप किल्लीनं उघडलंय. फोटो ठरवले बाईंनीच, त्या कशाला वही पळवतील? दुसरी किल्ली तुमची, डॉक्टर. आणि जनावर न मरता भट्टी पेटलीय. वही कुठाय?"

 भाषणाचा कागद डॉक्टरांच्या हातातून खाली पडला.

"जाळली," ते कसेबसे म्हणाले.

 भाची भिंतीला टेकली. "मामा, आणि वर आईचं नाव दिलंस?"

ताई खुर्चीतून उठल्या. "जाळलीस? अरे, हिला पाळण्यात टाकून मी त्या खोलीत जात होते. माझं नाव नव्हतं, पण काम तर होतं ना त्यात! तेही ठेवलं नाहीस?"

 बाहेर पाहुणे जमल्याचा आवाज येत होता.

फौजदार खाकरले. "ताई, मग डॉक्टरांनी तक्रार मागे घेतली असं लिहू?"

ताईंनी भावाकडे एकदाच पाहिलं. "मागे कशाला? चोरी झालीच आहे. चोराचं नाव तेवढं बदला."