कोर्टानं अडवलेली पावलं

दिशा कंपनीतून सुटली, वाटेत कोथिंबीर घेतली आणि दिवेलागणीला कुंभवलीतल्या भाड्याच्या खोलीवर आली. दारात येसूबाई सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बसलेली. दातिवऱ्याची ही म्हातारी म्हणजे दिशाच्या नवऱ्याची, सुजीतची, सख्खी मावशी; पण कोर्टात भाच्याविरुद्ध साक्ष दिली ती हिनंच. तोंडानं तिखट, मनानं खरी.

सुजीतच्या मारहाणीपायी कोर्टानं संरक्षणाचा आदेश दिला होता. दिशाच्या घरात त्यानं पाऊल टाकायचं नाही. आदेश हातात पडला तेव्हा तो हसला होता. "मी नाय येत. तूच 'ये' बोलशील, तवाच येन."

मग गेल्या महिन्यात त्याची होडी उलटली. बाकीचे पोहून आले. तो आला नाही, त्याचं प्रेतही हाती लागलं नाही. दिशाला रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोला.

पण तेव्हापासून रोज सांजेला दाराबाहेर ओली पावलं उमटायची. कुजक्या जाळ्याचा खारट वास यायचा. पावलं उंबऱ्यापाशी येऊन थांबायची, आत यायची नाहीत.

आज चहा पिता पिता येसूबाईनंही ती पाहिली. कप खाली ठेवून पुटपुटली, "जिता होता तवा कुनाचा ऐकला नाय. मेल्यावर कोर्टाला भितो, मुडदा." कितीतरी दिवसांनी दिशाला हसू फुटलं.

वास वाढला तशी म्हातारी उठली. पाटी डोक्यावर घेऊन, पावलं चुकवून बाहेर पडली. "येते गं."

निघालेल्या माणसाला आपण जे म्हणतो, तेच दिशाच्या तोंडून गेलं.

"ये हं..."

शब्द सुटला आणि तिनं झटकन तोंडावर हात दाबला. येसूबाई वळणाआड गेली होती. दिशानं दार लोटून कडी घातली. संरक्षण अधिकारी अर्चना मॅडमनी बजावलं होतं, आधी कडी, मग फोन. सुजीत गेल्याचं मॅडमना अजून कुणी कळवलं नव्हतं.

"मॅडम... तो आलाय..."

"घाबरू नकोस. बाहेर आहे की आत?"

दिशा फरशीकडे बघत होती. उंबऱ्याच्या अलीकडे एक ओलं पाऊल. मग दुसरं. मग तिच्या टाचांमागे फरशी ओली झाली. तिनं अजून उत्तर दिलं नव्हतं.

"आत हाय..." तिच्या कानाशी कुणीतरी हळूच सांगितलं.

"दिशा," मॅडमनी विचारलं, "हे कोण बोललं?"