एकतीस मार्चची जीप

लाइट गेलीय, लूम बंद पडलेत, तासभर तरी काही येत नाही. बसा इथेच ओट्यावर. नितीन, ती बिडी विझव आधी. सांगतोय ते भाईदासचं आहे. माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा तो, अमळनेरकडचा. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. जन्मात एकच खोटं बोलला, तेही तोंडानं नाही, कागदावर. त्याचीच ही गोष्ट.

सत्त्याण्णव साल, एकतीस मार्च, सोमवार. होळी होऊन आठवडा झाला होता. इच्छापोरच्या बाजूला पोलीस गाड्यांचं एक वर्कशॉप होतं. कुठलं ते विचारू नका, मी नाव घेत नाही. भाईदास तिथे ब्रेकचा मिस्त्री. संध्याकाळी सहाला तो स्टोअरमध्ये गेला, मास्टर सिलिंडर मागायला. म्हणजे आपण पेडल दाबतो ना, तेव्हा ज्यातून तेल चाकांकडे ढकललं जातं, तो भाग. स्टोअरच्या बाबूनं मान न उचलताच रिकाम्या फळीकडे बोट केलं. ग्रँट जानेवारीतच संपली होती. दरवर्षीच संपायची. रोज मरे त्याला कोण रडे.

पण त्या दिवशी रडायलाही सवड नव्हती. सरकारी कारभार कसा असतो सांगतो. एक एप्रिलला सकाळी चालू गाड्यांची यादी वर जायची. यादीत जेवढ्या गाड्या चालू, तेवढ्यांनाच पुढच्या वर्षी डिझेल आणि सामान. म्हणून मरायला टेकलेली गाडीही त्या दिवशी उभी करायची, पावडर लावून नवरी उभी करतात तशी. एकच जीप राहिली होती. तिचा सिलिंडर फाटलेला. साहेब गुजराती, म्हणाले, "पाछळ कंडम जीप पडी छे ने? एमांथी काढी ले. सवारे गाडी लाइन पर जोइए."

मागची कंडम जीप म्हणजे सखारामची जीप.

सखाराम ड्रायव्हर होता. आदल्या श्रावणात हजिरा रोडवर उभ्या ट्रकखाली जीप घुसली आणि तो जागीच गेला. कागदावर आलं, ड्रायव्हरची चूक, वेग जास्त होता. पण त्याआधी सखारामनं तीन वेळा भाईदासला तोंडानं सांगून गाडीच्या बुकात लिहिलं होतं, पेडल खाली बसतं, गाडी थांबत नाही. तिन्ही वेळा भाईदासनं खाली लिहिलं, ब्रेक तपासले, ठीक आहेत. सही. सामान नव्हतं, गाडी ड्युटीला लागणार होती, आणि वरून हुकूम होता. सखाराम गेल्यावर त्याच सहीवर सगळा निकाल लागला. मिस्त्री म्हणतो ब्रेक ठीक, म्हणजे दोष मेलेल्याचा. त्याच्या बायकोचं, सुभद्राबाईचं पेन्शन अडलं, क्वार्टर गेलं. ती लिंबायतला साड्यांच्या घड्या घालायला लागली. रस्त्यात दिसली की भाईदास गल्ली बदलायचा.

आता तोच सिलिंडर काढून दुसऱ्या गाडीत घालायचा होता. भाईदास चाचरत म्हणाला, "साहेब, तो सिलिंडर चांगला नाही."

साहेब हसले. "तें ज लख्युं छे, ब्रेक बराबर. त्यारे खोटुं लख्युं हतुं?"

म्हणजे, तूच लिहिलंस ना ब्रेक ठीक, मग तेव्हा खोटं लिहिलं होतंस का? आपल्याच हातानं खणलेला खड्डा. खरं बोलावं तर नोकरी जाते, वर सखारामच्या मरणाचा दोष आपल्या गळ्यात. आणि सकाळी ती जीप नेणार होता योगराज. म्हणजे भाईदासच्या धाकट्या बहिणीचा, धनश्रीचा नवरा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. योगराजची बदली त्या जीपवर भाईदासनंच शब्द टाकून करून घेतली होती, घराजवळ राहील म्हणून.

तरीही त्यानं सिलिंडर काढला. रागावू नका त्याच्यावर. पोटामागे लागलेल्या माणसानं काय काय केलंय ते मी पाहिलंय, आणि केलंही आहे.

रात्रीचे साडेबारा झाले. चंद्र उगवायचा होता. सिलिंडर बसवला, तेल भरलं, आता ब्रेकमधली हवा काढायची राहिली. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली झोपून चाकामागची निपल, म्हणजे तेलाच्या तोंडावरचा बारीक स्क्रू, ढिली करायची. हवा बाहेर पडते, तेल येतं, निपल आवळायची, मग म्हणायचं सोड. एकेक चाक करत शेवटी ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाशी यायचं. भाईदासनं गेटवरच्या वॉचमनला, लोटूला हाक मारली. लोटू सीटवर चढला.

"तू सांग भाऊ, मी दाबस."

"दाब… धर." तेल आलं. "सोड."

मागची दोन्ही चाकं झाली. पुढचं डावं झालं. तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. भाईदास तेव्हा गाडीखालून सरपटत उजव्या चाकाकडे येत होता. त्यानं हॉर्नकडे लक्ष दिलं नाही. पाठीवर झोपला, हातातली बॅटरी छातीवर ठेवली.

"दाब."

पेडल खाली आलं. जीपला खालून पेडलचा दांडा दिसतो. तो हळू खाली आला, अर्ध्यावर थांबला. सीटच्या बाजूला गाडी जरा झुकली होती. माणूस बसल्यावर झुकते तशी.

"धर."

तेल आलं. हवेचा एक बुडबुडा नाही. त्यानं निपल आवळली. समाधान वाटलं. वरती विचारलं, "कडक झालं का रे पेडल?"

"लोटू?"

दांडा खाली सरकला. बोटभर. आणखी बोटभर.

"बसस," वरून आवाज आला.

भाईदासचा हात पान्यावरच राहिला.

तेवढ्यात लांबून, गेटजवळून, लोटू ओरडला, "आनू रे भाऊ! व्हॅन उनी व्हती!"

व्हॅन आली म्हणून उतरून गेलेला लोटू गेटवर होता.

त्यानं बॅटरी वर धरली. दांडा आता पार खाली. वर कुणी श्वास घेत नव्हतं. गाडी मात्र तशीच झुकलेली.

"खाले बसस, भाईदास." तोच आवाज. श्रावणाआधी तीन वेळा कानावर आलेला.

दांडा तळाशी तसाच दाबून धरलेला.

"आते तरी लिख."

भाईदास कसा बाहेर आला, त्याला कळलं नाही. कोपर सोलपटलं, एक चप्पल तिथेच राहिली. लोटूला काही न सांगता तो चालत सुटला. गोडादऱ्याला आमच्या खोल्यांवर पोचला तेव्हा पहाट झाली होती. मी अंगणात तोंड धूत होतो. मला म्हणाला, "रघुनाथदादा, माझ्या हातून योगराज मरतोय." एवढंच.

मी त्याला सायकलवर घालून परत नेलं. सात वाजता योगराज सीटवर बसलेला. "भाऊ, तोंड काबरं उतरेल शे तुमनं?" असं हसून विचारलं त्यानं, आणि भाईदास तोंड उघडायच्या आत गाडी सुरू केली. गिअर टाकला. इंजिन ओरडलं. जीप जागची हलली नाही. चार माणसांनी ढकलली. ट्रकला दोर बांधून ओढली. चारही टायर जमिनीवर घासत गेले, पण फिरले नाहीत.

योगराज म्हणाला, "पेडल वर येत नाही." पेडल पार तळाला टेकलेलं. त्याचे दोन्ही पाय बाजूला होते. दोन गड्यांनी सळई घालून वर उचलायला पाहिलं, सळई वाकली. बाकीच्या मिस्त्र्यांनी सिलिंडर उघडला, तर आत तेलाचा थेंब नाही. कोरडा. तेल नसताना ब्रेक लागत नाही रे, ते पोरालाही कळतं.

भाईदासला मात्र तेव्हा आठवलं. रात्री तो "धर" म्हणाला होता. "सोड" म्हणायचं राहिलं होतं.

त्यानं बुक मागवलं. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर लिहिलं, हा सिलिंडर खराब आहे, सखाराम याच्यामुळे गेला, तिन्ही वेळा मी खोटं लिहून सही केली. आठवड्यात भाईदासची नोकरी गेली. तो पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या खात्यात लागला. बुकाचं ते पान वर गेलं, आणि वर जे जातं ते खाली येत नाही. सुभद्राबाई आजही घड्याच घालते. त्याचं वाईट वाटतं मला, अजून वाटतं. पण योगराजला मुलगी झाली.

जीप उचलून मागे टाकली. गेल्या महिन्यात तिचा लिलाव होता. मी भाईदासला घेऊन गेलो. दोन पावसाळे झालेले, बाभळी आत शिरलेल्या, सगळं लोखंड गंजून पापुद्रे सुटलेले. भंगारवाल्यानं दार उपटलं आणि आम्हाला जवळ बोलावलं.

पेडल अजून तळालाच होतं. मी म्हटलं, "भाईदास, सोड म्हण की आता." तो म्हणाला, "सुभद्राबाईचं काम होईपर्यंत कोणत्या तोंडानं म्हणू?"

मी खाली वाकून पाहिलं. सगळी गाडी गंजलेली. आणि पेडलचं लोखंड तेवढं, रोज कुणी पाय दाबून ठेवत असल्यासारखं, झिजून चकचकीत झालेलं. पाव इंच तरी झिजलं होतं, टाचेच्या बाजूनं.